नेमलेल्या पेशी व कोऱ्या पेशी

खते, बेणे, पाणी आणि बाजारभाव यांविषयी शेतीच्या मासिकांतून पुष्कळ लिहून येते, व ते योग्यच आहे. परंतु खतापाण्याचा अंमल ज्यांच्यावर व्हावयाचा, त्या पेशींविषयी आमच्या शेतकरी बंधूंस फारसे कोणी सांगत नाही. हा विद्वानांचा विषय, आपला त्याच्याशी काय संबंध, अशी समजूत सर्वत्र आढळते. आमच्या मते ही समजूत खर्चाची आहे. नीट बांधलेले कलम का धरले नाही, द्राक्षाच्या काडीवर घडाच्या जागी बाळ्याच का आल्या, उभा वाढलेला माड शेंडा पोखरताच का मेला, प्रयोगशाळेतील केळीच्या रोपास मुनव्याहून अधिक पैसे कशासाठी मोजावयाचे, असे प्रश्न बागाईतदारास नित्य पडतात. त्यांची उत्तरे शोधू गेल्यास ती एकाच भेदापाशी येऊन थांबतात. झाडाच्या शरीरातील बहुतेक पेशी कोणत्या तरी एका कामास कायमच्या नेमलेल्या असतात, आणि थोड्या पेशी अद्याप कोणत्याच कामास नेमलेल्या नसतात. या दुसऱ्या प्रकारास आम्ही या लेखापुरते कोऱ्या पेशी म्हणू.

इ. स. 1665 मध्ये रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रज शोधकाने आपला सूक्ष्मदर्शकाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात बुचाच्या पातळ कापात मधाच्या पोळ्याप्रमाणे दिसलेल्या लहान लहान कोठड्यांचे वर्णन आहे. त्या मेलेल्या पेशींच्या भिंती होत्या. पुढे 1838 साली श्लायडेन याने वनस्पतींविषयी व 1839 साली श्वान याने प्राण्यांविषयी असे प्रतिपादन केले की, सजीवांचे सारे शरीर पेशींचेच बनलेले आहे. वनस्पतीची पेशी सामान्यतः मिलिमीटरच्या शंभराव्या भागापासून दहाव्या भागापर्यंत असते, म्हणजे नुसत्या डोळ्यास ती बहुधा दिसत नाही. परंतु एक पेशी अशी आहे की ती वऱ्हाडातील प्रत्येक शेतकऱ्याने बोटांत धरून ओढून पाहिलेली आहे. कापसाचा एक तंतू म्हणजे एकच पेशी होय.

सरकीच्या सालीवरील ही पेशी फूल उमलण्याच्या सुमारास उंचावू लागते. दोन-तीन आठवडे ती लांबच लांब होत जाते. त्यानंतर ती आतल्या बाजूने भिंतीवर थरावर थर चढवून जाड होते, आणि बोंड उकलते तेव्हा मरून वाळते. धाग्याची लांबी पहिल्या मुदतीत ठरते, पक्वता दुसऱ्या मुदतीत. लांबण्याच्या मुदतीत पाण्याचा मोठा ताण पडला तर धागा आखूड राहतो. जाड होण्याच्या मुदतीत पडला तर तो कच्चा राहतो, आणि मागाहून दिलेले पाणी त्या धाग्याच्या उपयोगी पडत नाही. नेमलेली पेशी कशास म्हणावे याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस सापडत नाही.

अशा नेमणुका झाडात अनेक आहेत. लाकडातील जलवाहिनीच्या पेशी तर मेल्यावरच कामास येतात. त्यांच्या आतील जीवद्रव्य नाहीसे होऊन पोकळ नळी उरते व तीतून मुळाचे पाणी शेंड्यास पोहोचते. पानात तयार झालेली साखर वाहणाऱ्या नळ्यांतील पेशी जिवंत असतात, परंतु त्या आपले केंद्रक गमावून बसलेल्या असतात, आणि शेजारच्या सोबतीण पेशीच्या आधाराने दिवस काढतात. पानावरील रंध्रांची उघडझाप करणाऱ्या पेशी निराळ्या, मुळावरील केसांच्या निराळ्या.

आता मौज अशी की, ज्या पेशींत केंद्रक शिल्लक आहे, त्या प्रत्येकीत संपूर्ण झाडाचा लेख असतो. पानाच्या पेशीत मुळाचा लेख आहे, मुळाच्या पेशीत फुलाचा आहे. आमचे उभे आयुष्य महसुलाच्या दप्तरात गेले असल्यामुळे ही गोष्ट आम्हांस तालुका कचेरीच्या रूपाने समजते. अशी एक कचेरी कल्पावी की, तेथील प्रत्येक कारकुनाच्या मेजावर साऱ्या तालुक्याचे दप्तर ठेवलेले आहे. तथापि फेरफाराचा कारकून फेरफाराचाच गठ्ठा सोडतो, तगाईचा कारकून तगाईचाच. बाकीचे गठ्ठे लाल फडक्यात बांधलेले तसेच राहतात, आणि वर्षे लोटली की त्यांच्या गाठी सुटतनाशा होतात. नेमलेली पेशी ती ही. कोऱ्या पेशीचे गठ्ठे अजून बांधले जावयाचे असतात. ती प्रथम एकीच्या दोन, दोहोंच्या चार अशी वाढते, आणि तिची लेकरे जेथे पडतात तेथील शेजार, उजेड व रसायने पाहून त्यांची नेमणूक होते.

कोऱ्या पेशी झाडात कोठे राहतात हे शेतकऱ्यास ठाऊक असलेच पाहिजे, कारण कीड त्या जागा बरोबर ओळखते. प्रत्येक फांदीच्या शेंड्यावर, प्रत्येक मुळाच्या टोकाशी, पानाच्या बेचक्यातील डोळ्यात, आणि आंब्यासारख्या झाडात साल व लाकूड यांच्या सांध्यातील अतिशय पातळ थरात त्या असतात. गवताच्या जातीत पात्याच्या व पेऱ्याच्या बुडाशीही असतात. म्हणून गुरांनी शेंडा खाल्ला तरी पाते खालून पुन्हा वर सरते. ज्वारीवरील खोडमाशीची अळी पोंग्यातून उतरून नेमका वाढीचा शेंडा कापते व पोंगेमर होते. परंतु ज्वारीस बुडाशी दुसरे डोळे असतात, ते फुटतात, व धाट जगते. माडाला मात्र खोडावर दुसरा डोळाच नाही. त्याच्या वाढीची सारी मालमत्ता शेंड्यातील एका कोंबात साठवलेली असते. गेंड्या भुंग्याने नुसत्या झावळ्या कातरल्या तर माड सावरतो; तो कोंब गेला की वर्षानुवर्षे वाढवलेले झाड उभ्या उभ्या संपते. ऊस लावताना आपण कांडीवरील डोळा जपतो तो याच कारणासाठी. उसास तुरा आला की शेंड्यावरील कोऱ्या पेशी फुलोऱ्यात खर्ची पडतात, वरची वाढ थांबते, आणि बाजूच्या डोळ्यांना पांगशा फुटू लागतात. केळही एकदाच निसवते, कारण जमिनीतील गड्ड्यावरचा वाढीचा शेंडा दांड्यातून वर चढून स्वतःच घड होतो. पुढचे पीक मुनव्याच्या नव्या शेंड्यावर.

सालीखालच्या थराविषयी थोडे विस्ताराने सांगावयास हवे, कारण कलमाची सारी विद्या त्या थराची आहे. कित्येकांस असे वाटते की, खुंट व कलमकाडी एकमेकांस चिकटतात. तसे होत नाही. लाकूड लाकडास कधीही जुळत नाही. ते बहुतांशी मेलेले असते. जुळतो तो दोहोंचा कोवळा थर. चाकूचा काप बसताच जखमेजवळच्या जिवंत पेशी पुन्हा वाढू लागून मऊ, पांढुरकी गाठ तयार करतात, दोन्ही बाजूंच्या गाठी एकमेकींत शिरतात, आणि मग त्या गाठीतील काही पेशींची जलवाहिनी म्हणून व काहींची रसवाहिनी म्हणून नव्याने नेमणूक होते. हा पूल पुरा होईपर्यंत काडीला मुळाचे पाणी पुरेसे मिळत नाही. तिने आपल्या अंगच्या शिदोरीवर राहावयाचे असते.

एवढे समजले म्हणजे कलम बांधणाऱ्या माळ्याच्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. चाकू धारदार का, तर बोथट चाकूने पेशी चेंगरून मरतात. काडी खुंटाहून बारीक असेल तर ती मधोमध न ठेवता एका अंगास सरकवून का बसवावयाची, तर निदान एका बाजूस तरी थराशी थर भिडावा. कोकणात कोय कलमासाठी पंधरा-वीस दिवसांची, तांबूस पानांची कोवळी रोपे घेतात व काम पावसाळ्यात उरकतात, त्याचे कारण अशा रोपात नेमणुका अजून थोड्याच झालेल्या असतात, व दमट हवेत काडी सुकत नाही. कलमकाडीची पाने आठ-दहा दिवस आधी कापून डोळा फुगवून घेतात, तो कोऱ्या पेशी जाग्या करण्याचाच प्रकार होय. गुटी कलम बांधताना सालीचे कडे काढल्यावर उघड्या लाकडावरील बुळबुळीत थर पुसून किंवा खरवडून घेण्याचा आळस मात्र पुष्कळ ठिकाणी होतो. तो थर राहिला तर साल पुन्हा सांधली जाते, वरून उतरणारा रस खाली निसटतो, आणि मुळ्या सुटत नाहीत.

कलमात दोन झाडे एक होतात, ही समजूतही टाकून दिली पाहिजे. खुंटाच्या पेशी खुंटाच्याच राहतात व काडीच्या काडीच्या. संत्र्याच्या डोळ्याखाली जंबेरीचा फुटवा आला तर तो जंबेरीच देणार. तो बोटाने मोडण्याजोगा असतानाच काढावा.

ऊस, केळ, नारळ, ज्वारी यांच्या खोडात असा अखंड थर नसतो, तंतूंच्या जुड्या विखुरलेल्या असतात. म्हणून या वर्गात कलम होतच नाही असे पाठ्यपुस्तके सांगत आली. 2022 साली केम्ब्रिज विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी हे मत बदलावयास लावले. त्यांनी बियांतील अगदी कोवळ्या गर्भात, जेथे मूळ व अंकुर यांचा सांधा असतो तेथे, गहू व ओट यांसारख्या धान्यांचे कलम जुळवून दाखविले. वाढलेल्या खोडावर जे साधत नाही ते गर्भावर साधले, कारण गर्भातील पेशी अजून कोऱ्या होत्या. शेतात याचा उपयोग होण्यास अवकाश आहे. परंतु मातीतून येणाऱ्या रोगांना तोंड देणारा खुंट उद्या केळीलाही मिळाला तर तो दिवस लहान नव्हे.

द्राक्षबागाईतदारांचे प्रकरण याहून नाजूक आहे, आणि आमच्या मते पैशाच्या दृष्टीने तेच सर्वांत मोठे. नाशिक, सांगली, सोलापूर या भागांत एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी होते. घड दिसतो तो गोडी छाटणीनंतर. म्हणून पुष्कळांची खटपट व खर्च ऑक्टोबरात सुरू होतो. वस्तुतः घड होणार की नाही हे तेव्हा ठरून गेलेले असते. खरड छाटणीनंतर फुटलेल्या नव्या काडीवर पानाच्या बेचक्यात जो डोळा तयार होतो, त्याच्या आत कोऱ्या पेशींचा एक सूक्ष्म उंचवटा उठतो. तो ना घड असतो, ना बाळी. त्यास दोन्ही वाटा मोकळ्या असतात. छाटणीपासून साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या मुदतीत त्याची नेमणूक होते. त्या दिवसांत डोळ्यावर स्वच्छ ऊन असेल, काडीत अन्नसाठा असेल, आणि मुळांकडून येणाऱ्या सायटोकायनिन या द्रव्याचा जोर असेल तर उंचवट्यास फाट्यावर फाटे फुटून त्याचा सूक्ष्मघड होतो. आभाळ भरून राहिले, काड्यांची दाटी झाली, नत्र व पाणी सढळ हाताने दिले, तर वेलीत जिबरेलिनाचे प्राबल्य होते व तोच उंचवटा बाळी होऊन बसतो.

ही नुसती अटकळ नव्हे. श्रीनिवासन व मलिन्स या दोघा शास्त्रज्ञांनी 1978 साली द्राक्षाच्या कोवळ्या बाळ्या वेलीपासून वेगळ्या काढून काचपात्रात सायटोकायनिन देऊन वाढविल्या, तेव्हा त्या बाळ्यांचे फुलोरे झाले. म्हणजे घड व बाळी ही एकाच घराण्यातील भावंडे होत. कोवळेपणी कोणाचा हात धरला गेला एवढाच फरक.

तेव्हा मे महिन्यात व जूनच्या आरंभी काड्यांची विरळणी करणे, सात ते नऊ पानांवर शेंडा मारून सबकेन काढणे, नत्र आवरणे, पाणी तोलून देणे ही कामे म्हणजे त्या वर्षाचे उत्पन्न ठरविण्याचीच कामे आहेत. वळीव व लवकर आलेला पाऊस आपल्या हाती नाही, पण काड्यांची गर्दी आपल्या हाती आहे. ऑक्टोबर उजाडल्यावर जो विक्रेता घड निर्माण करण्याचे औषध म्हणून बाटली पुढे करतो, त्यास आमच्या वाचकांनी एवढेच विचारावे की, ज्या पेशींची नेमणूक जूनमध्ये झाली त्यांच्यावर ते औषध काय काम करणार? मात्र एक खुलासा येथे करणे न्यायाचे आहे. असलेला घड गोडी छाटणीनंतर जिरू शकतो, व तो वाचविण्यासाठी त्या वेळची काळजी अवश्य घ्यावी. असलेले राखणे निराळे व नसलेले उत्पन्न करणे निराळे. गोडी छाटणीपूर्वी काड्या तपासून घेण्याची जी सोय आता अनेक ठिकाणी आहे, तिचा फायदा हाच की, डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला म्हणजे सूक्ष्मघड कितव्या डोळ्यात आहे ते कळते व छाट कोठे घ्यावयाची ते ठरते. त्या तपासणीस लागणारे पैसे औषधाच्या एका बाटलीहून पुष्कळ अधिक उपयोगी पडतात.

एकदा नेमलेली पेशी पुन्हा कोरी होते काय, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी पाऊणशे वर्षे तरी घोळवला. ऑस्ट्रियातील हाबरलांट याने 1902 साली असे भाकीत केले की, वनस्पतीची एक सुटी पेशी योग्य अन्नरसात ठेवल्यास तिच्यापासून सबंध रोप व्हावे. त्याने पानातील पेशी घेऊन प्रयोग केले. त्या काही काळ जगल्या, फुगल्या, परंतु विभागल्या नाहीत. 1957 साली अमेरिकेत स्कूग व मिलर यांनी तंबाखूच्या पेशींवर दाखविले की, अन्नरसात ऑक्सिन अधिक असले तर मुळे फुटतात, सायटोकायनिन अधिक असले तर कोंब फुटतात, आणि दोन्ही बेताचे असले तर कोरी गाठ तशीच वाढत राहते. पुढच्याच वर्षी स्टुअर्ड याने गाजराच्या मुळातील पेशींपासून रोप वाढविले. त्याच्या अन्नरसात नारळाचे पाणी होते, हे आमच्या कोकणातील वाचकांस वाचून बरे वाटेल. 1964 साली दिल्ली विद्यापीठात गुहा व माहेश्वरी यांनी धोतऱ्याच्या परागकोशांतून रोपे उत्पन्न केली. परागकणांपासून अशी रोपे मिळण्याचा तो पहिलाच दाखला.

प्राण्यांत ही गोष्ट फार कठीण. मेंढीचे मांस भरून येते, पण तुटलेला पाय फुटत नाही. 1996 साली स्कॉटलंडात जन्मलेली डॉली ही मेंढी कासेतील पेशीच्या केंद्रकापासून झाली. दूध देण्याच्या खात्यातील पेशीचे बांधलेले गठ्ठे सोडवून तिच्यापासून सबंध मेंढी उभी करण्यात आली, आणि त्या एका कोकरासाठी 277 पेशींवर प्रयोग करावा लागला. आपल्याकडे कर्नाल येथील राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत 2009 साली म्हशीच्या बाबतीत असेच यश आले. उलट आमच्या गुलाबाची एक काडी छाटून मातीत खोचली की ती स्वतःच मुळे उत्पन्न करते. वनस्पतींच्या गाठी इतक्या सैल आहेत, म्हणूनच छाट कलम हा धंदा चालतो.

केळीची ऊतिसंवर्धित रोपे याच ज्ञानातून निघाली. जळगावकडे ग्रँड नैन जातीच्या अशा रोपांची लागवड आता रुळलेली आहे. मुनव्याच्या आतील वाढीचा शेंडा काढून, तो निर्जंतुक अन्नरसात ठेवून त्याचे अनेक कोंब करतात व मग त्यांस मुळे फोडतात. सारी रोपे एका वयाची असल्यामुळे बाग थोड्या दिवसांच्या अंतराने निसवते व कापणी एकदम साधते. दुसरा मोठा लाभ विषाणुरोगांपासून सुटकेचा. 1952 साली फ्रान्समध्ये मोरेल व मार्टिन यांनी रोगट डेलियाचा अगदी टोकाचा सूक्ष्म शेंडा वाढवून निरोगी झाडे मिळविली. त्या टोकापर्यंत वाहिन्या अजून पोहोचलेल्या नसतात, त्यामुळे वाहिन्यांतून पसरणारा विषाणू तेथे बहुधा नसतो.

परंतु येथेच शेतकरी फसतो. प्रयोगशाळेतून आले म्हणजे निरोगी, असे मुळीच नाही. शेंड्याचा तुकडा जरा मोठा घेतला गेला व मातृवृक्ष रोगी असला, तर रोग हजारो रोपांतून एकदम वाटला जातो. तसेच कोऱ्या पेशींना काचपात्रात फार फेऱ्या वाढू दिले तर त्यांच्या लेखातच चुका शिरतात, व बुटकी, पांढऱ्या पट्ट्यांची किंवा वेड्यावाकड्या घडाची झाडे निपजतात. आमच्या ओळखीच्या एका बागाईतदाराच्या शेतात अशी झाडे ओळीच्या ओळीने उभी राहिलेली आम्ही पाहिली. विकणाऱ्याचे म्हणणे असे पडले की, हा जमिनीचा दोष आहे. शेजारच्या ओळीतील मुनवे त्याच जमिनीत होते!

यासाठी केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 2006 साली ऊतिसंवर्धित रोपांच्या प्रमाणीकरणाची पद्धत सुरू केली. तीत मातृवृक्षाची विषाणूसाठी तपासणी व रोपांच्या अस्सलपणाची तपासणी होते. रोपे घेताना प्रमाणपत्राचा क्रमांक पावतीवर लिहून घ्यावा. तोंडी खात्रीस कचेरीत काही किंमत नसते, हे आम्ही अनुभवाने सांगतो. रोपे उतरवून घेतानाच पाने पाहावीत, आणि ज्यांवर पांढरे पट्टे आहेत किंवा जी इतरांच्या मानाने फार ठेंगणी आहेत ती तेथल्या तेथे परत करावीत. निरोगी रोपालाही मावा मागाहून हरण्या रोग आणतोच, म्हणून केळीत काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो ही पिके घेऊ नयेत, आणि रोगट झाड दिसताच गड्ड्यासह उपटून नष्ट करावे. पावती व प्रमाणपत्राची प्रत निदान घड कापला जाईपर्यंत जपून ठेवावी, कारण घडाचा दोष निसवल्यावरच उघड होतो.